घर कोण सांभाळतं?

(ब्रह्मपुरी येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे गडचिरोली जिल्हा. देसाईगंज, आरमोरी, कुरखेड्याकडची मुलं शिकायला नदी ओलांडून इकडे येतात. आजारी माणसंही इथल्या दवाखान्यांच्या भरवशावर येतात. उलट इकडचे शिक्षक, परिचारिका, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक नोकरीसाठी पलीकडे जातात. कुणाची शाळा धानोऱ्याच्या पुढे, कुणाचं आरोग्य केंद्र एटापल्ली तालुक्यात. मुलांच्या शिक्षणाची आबाळ नको म्हणून बिऱ्हाड ब्रह्मपुरीत आणि कमावतं माणूस जंगलात, अशी तडजोड या गावातल्या कितीतरी घरांनी केली आहे. कामातली उमेद आणि घरातलं समाधान यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न या सभागृहातल्या श्रोत्यांना पुस्तकातून कळायची गरज नाही.

या विषयावर उपदेश होतो तो बहुधा एकट्या माणसाला. पहाटे उठा, वेळेचं नियोजन करा, रविवार घरच्यांना द्या. उपदेश चुकीचा नाही, अपुरा आहे. मेळ साधणं ही ज्याची त्याची हातोटी, असं त्यात धरून चाललेलं असतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मोठ्या कामांचा इतिहास निराळं सांगतो. इथे ज्या कुणी मोठं काम उभं केलं, त्याच्या कामाच्या काळात घर दुसऱ्या कुणीतरी पेललं, किंवा दोघांनी वाटून घेतलं. ते कुणी पेललं, त्या माणसाला आधी विचारलं होतं का, आणि कामाचा गौरव झाला तेव्हा त्याचं नाव घेतलं गेलं का? हे तीन प्रश्न घेऊन आज तीन घरांत जायचं आहे. वरोऱ्याचं आनंदवन, भामरागडजवळचं हेमलकसा आणि गडचिरोलीचं शोधग्राम. या तिन्ही ठिकाणच्या कामाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. त्या घरांचा हिशोब मात्र क्वचितच मांडला जातो.

पहिलं घर साधनाताई आमट्यांचं. नागपूरच्या घुलेशास्त्रींच्या कर्मठ घराण्यातली इंदू. एका लग्नघरात सगळे समारंभात रमलेले असताना ही मुलगी म्हाताऱ्या मोलकरणीला हात लावायला गेली, ते मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे पुढचे बाबा आमटे, या तरुणाने पाहिलं आणि लग्न करायचं तर हिच्याशीच असं ठरवलं. ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर १९४६मध्ये लग्न झालं तेव्हा साधनाताई विशीत होत्या. १९४७ साली विकास, १९४८ साली प्रकाश. वकिली सोडलेला नवरा, पुढे काय याची खात्री नाही, आणि पदरात दोन तान्ही मुलं.

कुष्ठरोगाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायला बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. रोगजंतू माणसाच्या शरीरात वाढतात का हे तपासण्यासाठी त्यांनी तिथे स्वतःचं शरीर प्रयोगाला देऊ केलं. बाबांच्या धैर्याचा दाखला म्हणून हा प्रसंग सांगितला जातो आणि तो दाखला खराच आहे. वरोऱ्याच्या घरातून पाहिलं, तर त्याच प्रसंगाची दुसरी बाजू दिसते. त्या प्रयोगात पणाला लागलेलं आयुष्य एकट्या बाबांचं नव्हतं. पंचविशीही न गाठलेली एक बाई आणि दोन पोरं त्या डावात होती.

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाला सुरुवात झाली. हाताशी चौदा रुपये, सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय. झाडोरा दाट, विंचू-साप पायाशी. त्या ठिकाणी साधनाताईंनी संसार मांडला. स्वयंपाक, गोठा, आजाऱ्यांची उठबस, मुलं, आल्यागेल्याचं पाहणं, हे सगळं त्यांच्याकडे. पुढे मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसणं अशक्य झालं. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच उरलं. त्या दुखण्याची शुश्रूषाही ताईंनीच केली. १९९० साली बाबा आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा ताई साठी ओलांडलेल्या होत्या. त्याही गेल्या. ज्या वयात माणसं नातवंडांत रमतात, त्या वयात त्यांनी नवं घर मांडलं.

साधनाताईंनी ‘समिधा’ या आत्मकथनात हा सगळा प्रवास लिहून ठेवला, हे मराठीवर मोठं ऋण आहे. त्या पुस्तकामुळेच आपल्याला कळतं की ताई कुणाच्या मागे फरफटत गेलेल्या नव्हत्या. त्यांनी ते आयुष्य मनापासून पत्करलं होतं. तरीही गौरवांच्या यादीकडे पाहावं. १९८५चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार, १९८६चं पद्मविभूषण, १९९०चा टेम्पलटन पुरस्कार. तिन्हींवर या घरातलं नाव एकच, बाबांचं. चौदा रुपयांपासून ज्यांनी चूल पेटती ठेवली त्यांचं नाव त्या काळाच्या दप्तरात बसत नव्हतं. त्या पिढीत घर पेलणाऱ्याला आधी विचारायची रीत नव्हती आणि नंतर नाव घ्यायचीही नव्हती.

आता दुसरं घर, त्याच कुटुंबाची पुढची पिढी. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्याआधी वर्षभर, डिसेंबर १९७२मध्ये, प्रकाश आमटे आणि मंदाकिनी देशपांडे यांचं लग्न झालं होतं. दोघांची ओळख नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली. ते शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते, त्या भूलतज्ज्ञ. प्रकाशभाऊंनी ते शिक्षण अर्धवट सोडलं. दोघं पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावतीच्या मुलखात माडिया लोकांमध्ये राहायला गेले.

साधनाताई आणि मंदाताई यांच्या कहाण्यांत वरवर साम्य आहे. दोघी जंगलात गेल्या, दोघींनी हालअपेष्टा सोसल्या. फरक आहे तो एकाच ठिकाणी, आणि तो फार मोठा आहे. मंदाताई जंगलात गेल्या त्या स्वतःचं शिक्षण आणि स्वतःचं कसब घेऊन. अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस आला की टाके घालणारा हात एकाचा आणि भूल देणारा दुसरीचा. बाळंतपणात अडलेली बाई आली की आधी मंदाताई. पावसाळ्यात नद्या-नाले भरले की महिनोन्महिने वाट बंद व्हायची, वीज यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. अशा ठिकाणी दोघांपैकी कुणा एकाचं काम मुख्य आणि दुसऱ्याचं जोडीला, अशी वाटणी टिकलीच नसती.

मुलांचं काय केलं? पालक म्हणून बहुतेकांना छळणारा प्रश्न हाच असतो. हेमलकशाला १९७६ साली आश्रमशाळा सुरू झाली. दिगंत, अनिकेत आणि आरती तिथेच माडिया मुलांबरोबर शिकली. नागपूरला वा पुण्याला नातेवाइकांकडे मुलं ठेवणं सहज शक्य होतं, लोकांनी ते सुचवलंही असेल. आपल्या मुलांना चालेल अशी शाळा झाली तरच ती माडिया मुलांसाठी चांगली शाळा, या बाजूने त्यांनी विचार केला. शिवाय ते घर चार भिंतींचं नव्हतं. विलास मनोहर आणि रेणुका मनोहर यांच्यासारखे सहकारी तिथे येऊन राहिले होते. मुलांना आई-वडील दोघेही ऑपरेशनमध्ये असले तरी जेवू घालणारं, रागावणारं, झोपवणारं मोठं माणूस आसपास असायचं. अंगणात बिबट्याची पिल्लं, हरणं, माकडं. विलास मनोहरांच्या ‘नेगल’ने ते अंगण मराठी वाचकांच्या घरोघरी पोचवलं.

२००८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार पुन्हा या घरात आला. या वेळी तो डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे अशा दोघांच्या नावाने होता. १९८५ ते २००८, एकच कुटुंब, एकच पुरस्कार, मध्ये तेवीस वर्षं. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या घरांमध्ये या तेवीस वर्षांत काय बदललं ते या दोन नोंदींत दिसतं.

हेमलकशाचं उदाहरण देताना एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. काम आणि घर एकाच अंगणात असलं की दोन्ही जवळ राहतात हे खरं, पण कामाला दार उरत नाही. रात्री दोनलाही रुग्ण दारात येतो. सणावारालाही साप चावलेलं मूल येतं. ते जगणं दोघांनी डोळे उघडे ठेवून निवडलं म्हणून निभावलं. एकाने निवडून दुसऱ्यावर लादलं असतं, तर त्याच अंगणाचा तुरुंग झाला असता.

तिसरं घर ब्रह्मपुरीच्या अधिक जवळचं. राणी चारी ही मूळची चंद्रपूरची मुलगी. अभय बंग वर्ध्याचे, ठाकूरदास आणि सुमन बंग या गांधीवादी दांपत्याचे चिरंजीव. दोघेही नागपूरचे डॉक्टर, ते औषधवैद्यकशास्त्राचे एमडी, त्या स्त्रीरोगशास्त्राच्या. १९७७ साली लग्न झालं. वर्ध्याजवळच्या खेड्यांत काम केलं, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. परतल्यावर त्यांनी गडचिरोली निवडली. चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, २६ ऑगस्ट १९८२ ही त्याच्या स्थापनेची तारीख. ‘सर्च’ ही संस्था १९८५च्या अखेरीस स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी गडचिरोलीत काम सुरू झालं.

या घराची वाटणी कशी होती, हे त्यांच्या शोधनिबंधांवरून वाचता येतं. जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. ६५० बायकांची तपासणी झाली होती. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच अर्थ तोवर जगभरचे आरोग्य कार्यक्रम धरत होते. या एका निबंधाने ती समजूत हलवली. त्यावर पहिलं नाव राणी बंग यांचं आहे, दुसरं अभय बंग यांचं. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात मुलांच्या न्यूमोनियावरचा निबंध आला, तिथे पहिलं नाव अभय बंग यांचं. जिचा विषय तिचं नाव आधी, ज्याचा विषय त्याचं नाव आधी. दोघांची उमेद एकाच छताखाली वाढायची असेल, तर श्रेयाची वाटणी इतकी स्वच्छ लागते.

पण वाटणी स्वच्छ असली तरी शरीर आपला हिशोब वेगळा ठेवतं. अभय बंग यांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आरोग्याचा अभ्यास करणारा माणूस स्वतः रुग्ण झाला. कामाच्या जिद्दीपायी झोप, जेवण, चालणं, मनाची शांतता या गोष्टी मागे पडत गेल्या होत्या. त्यांनी हे लपवलं नाही. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आपली धावपळ, आहार, व्यायामाचा अभाव, ताण आणि नाती यांची तपासणी संशोधकाच्या काटेकोरपणाने केली. डॉ. डीन ऑर्निश यांनी मांडलेल्या जीवनशैलीचा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. मराठीत त्या पुस्तकाचा इतका मोठा वाचकवर्ग झाला, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यात आपल्या घरातलं कुणीतरी दिसत होतं.

त्या आजारानंतर काम थांबलं नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवं. गडचिरोलीतलं सर्वांत मोठं काम त्याच सुमारास चालू होतं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं. नवजात बाळाचं वजन, तापमान, श्वास, जंतुसंसर्गाची लक्षणं त्या घरी जाऊन बघायच्या आणि उपचार करायच्या. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली तेव्हा नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे छापलं. महाराष्ट्र भूषण सन्मान २००३ साली दोघांना मिळाला, पद्मश्री २०१८ साली, तीही दोघांना. ‘सर्च’च्या शोधग्रामात त्यांना ‘नायना’ आणि ‘अम्मा’ म्हणतात. एवढ्या मोठ्या संस्थेने आपल्या संस्थापकांना घरातल्या नात्याने हाक मारावी, यात त्या कामाचा सगळा पोत आला.

आता एक पाऊल या दोन जिल्ह्यांबाहेर. घर बाईनेच पेललं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, हे महाराष्ट्रात एका जोडप्याने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. इरावती कर्वे १९२८ साली जर्मनीला उच्च शिक्षणासाठी निघाल्या. सासरे होते महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेले. सुनेने परदेशी जावं हे त्यांना पसंत नव्हतं. पती दिनकर कर्वे ठाम राहिले, कर्ज काढून इरावतीबाई गेल्या आणि १९३०मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी मानववंशशास्त्राचं काम उभं केलं, गावोगाव हिंडल्या, ‘युगान्त’ लिहिलं. या सगळ्या काळात घरातले व्यवहार बऱ्याच अंशी दिनकररावांनी सांभाळले. ते स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुलं आई-वडिलांना ‘इरू’ आणि ‘दिनू’ म्हणत. बाईच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या घरातही बाईच्या उमेदीसाठी वेगळा झगडा द्यावा लागला, आणि तो नवऱ्याने दिला.

ही सगळी नामवंत माणसं. त्यांच्याकडे शिक्षण होतं, मित्रमंडळी होती, निवड करायची मुभा होती. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या साध्या घरांचं काय?

गडचिरोलीच्या प्रयोगातूनच पुढे देशाचा कार्यक्रम झाला. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. धानाची रोवणी चालू असो की मोहफुलं पडत असोत, दिवस ठरलेला असतो. ही बाई कुणाच्या तरी बाळाला तपासायला जाते तेव्हा तिचं स्वतःचं मूल कुणापाशी असतं? सासूपाशी, मोठ्या मुलीपाशी, शेजारणीपाशी. थोरल्या मुलीची शाळा त्यासाठी बुडत असेल, तर एका घराची सेवा दुसऱ्या घरातल्या मुलीच्या वहीतून वजा होते. आशाताईंना कामाची उमेद नाही असं कुणी म्हणू नये. गावात मान आहे, नवं शिकायला मिळतं, चार पैसे हातात येतात, म्हणून त्या हे काम सोडत नाहीत. त्यांच्या घरचं ओझं तेवढं कमी होत नाही.

हे ओझं मोजलंही गेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या दिवसाची पाहणी केली. दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बाया ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. ज्यांनी हात लावला त्यांच्यातही बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. पुन्हा २०२४ साली हीच पाहणी झाली. बाईची २८९ मिनिटं, पुरुषाची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईचं घरकाम दहा मिनिटांनी कमी झालं, आणि पुरुषाचंही नऊ मिनिटांनी. दोघांतली दरी २०२ मिनिटांची होती, ती २०१ मिनिटांवर आली. मधल्या काळात गॅसच्या शेगड्या आल्या, नळ आले, मिक्सर आले. दरी जागच्या जागी राहिली, कारण ती यंत्रांमुळे पडलेलीच नव्हती.

या भागातल्या शेतकरी आणि मजूर घरांत काम आणि घर असे दोन कप्पे मुळात नाहीत. मे महिन्यात तेंदूपत्ता घरी येतो आणि सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला म्हातारीपासून पोरापर्यंत सगळे बसतात. त्या कामात सहवास आहे, गप्पा आहेत. पण त्याच दिवशी पहाटे चूल पेटवून, पाणी भरून, मग जंगलात पाला तोडायला गेलेली असते ती बाई. ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचा वावर किती वाढला आहे ते इथे सांगायला नको. मोहफुलं वेचायला भल्या पहाटे निघावं लागतं, कारण उशीर झाला तर फूल जनावरं खातात. आणि वाघाचीही फिरायची वेळ तीच. घर चालवण्यासाठी हा धोका पत्करणारी बाई कामाला जाते की घरकाम करते, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

झाडीपट्टी रंगभूमीकडेही या अंगाने पाहायला हवं. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांचा हंगाम सुरू झाला की वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, नाटक कंपन्यांचे कलावंत रात्र-रात्र बाहेर असतात. प्रयोग रात्री उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी शेती सांभाळत हजारो प्रयोग केले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या धंद्यात घरच्यांना एक गोष्ट आधी ठाऊक असते: हंगाम कधी लागतो आणि कधी संपतो. होळीनंतर माणूस घरी येतो, शेतीला लागतो. ठरलेली गैरहजेरी घर पचवू शकतं. कधी येणार, कधी जाणार याचा पत्ता नसलेली गैरहजेरी घराला पोखरते. नाटकात काम करणाऱ्या बायांचा प्रश्न मात्र इथेही उरतोच. पुरुष नटाची मुलं घरी आईपाशी असतात, नटीच्या मुलांपाशी कोण असतं?

आता सोमवारी नदीपलीकडे नोकरीवर निघणाऱ्यांच्या एसटीकडे. गडचिरोलीत नोकरी करणाऱ्याला शासन एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता देतं. दुर्गम भागात माणसं टिकावीत हा हेतू आहे आणि तो योग्य आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदलीधोरणात अवघड क्षेत्र वेगळं काढलं आहे आणि पती-पत्नी एकत्रीकरणाची स्वतंत्र वर्गवारी आहे. दोघांच्या शाळांमध्ये तीस किलोमीटरहून अधिक अंतर असेल तर त्यांना जवळ येण्यासाठी अर्ज करता येतो. नवरा-बायकोने एका घरात राहणं ही शासनाने लक्षात घेण्याजोगी बाब आहे, हे या नियमाने मान्य केलं. ही छोटी गोष्ट नाही. पण हा नियम दोघंही नोकरीत असतील तेव्हाचा. एकच जण नोकरीत असेल, दुसरं माणूस शेती, दुकान किंवा म्हातारे आई-बाप सांभाळत असेल, तर अंतर कितीही असलं तरी ते कागदावर दिसत नाही. भामरागड गडचिरोलीपासून दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. तिथल्या गुरुजींच्या बायकोने ब्रह्मपुरीत दहा वर्षं एकटीने मुलं वाढवली, तर ती दहा वर्षं कोणत्याच सेवापुस्तकात चढत नाहीत.

कायद्याने काही वाटा उघडल्या आहेत. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करणं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू देणं बंधनकारक झालं. बापाच्या रजेबद्दल मात्र खासगी नोकरीला लागू होणारा असा कायदा झाला नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. २००५च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर याहून जुनी आणि शहाणी तरतूद होती. कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला तीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे खड्डा खणण्याइतकंच काम आहे, हे देशाच्या कायद्याने तिथे लिहून ठेवलं होतं.

शेवटी मुलांकडे यायला हवं, कारण आई-बापांच्या उमेदीचा सगळ्यात दूरवर जाणारा परिणाम त्यांच्यावर होतो. हेमलकशाचे दिगंत डॉक्टर होऊन परतले, गोव्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ अनघाताई लग्न करून तिथे आल्या. अनिकेत अभियांत्रिकी शिकून प्रकल्पाच्या कामात आले, समीक्षाताईंनी शाळेत लक्ष घातलं. शोधग्रामात आनंद आणि अमृत बंग परदेशी शिकून परत आले. आई-बापांच्या कामाने मुलांचं बालपण हिरावलं असतं, तर मुलं त्या कामाकडे अशी परतली नसती. ती लहानपणापासून त्या कामाच्या आत वाढली, बाहेर उभी राहून वाट बघत नव्हती. साध्या नोकरदार घरालाही यातलं काही घेता येतं. सुट्टीत आपल्या शाळेवर, आपल्या आरोग्य केंद्रावर मुलांना घेऊन जाणारे शिक्षक आणि परिचारिका या भागात आहेत. आई सोमवारी कुठे जाते, हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला तिचं नसणं वेगळं कळतं. त्याच वेळी, परतलेल्या मुलांचं कौतुक करताना न परतलेल्यांवर आरोप होऊ नये. आई-बापांचं ध्येय मुलांनी चालवलंच पाहिजे असा दंडक घातला, तर पुन्हा तेच होईल: एकाची निवड आणि दुसऱ्यावर ओझं.

ब्रह्मपुरीला यात काय करता येईल? या गावाची ताकद दोन गोष्टींत आहे, शिक्षणसंस्था आणि दवाखाने. इथला एकेक खासगी दवाखाना छोटा आहे. पन्नास कर्मचाऱ्यांची अट त्याला लागू होत नाही, म्हणून पाळणाघराचं बंधनही नाही. पण हे सगळे दवाखाने एकत्र मोजले तर तिथे काम करणाऱ्या परिचारिका, आया, प्रयोगशाळेतल्या मुली यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतल्या अनेकींना रात्रपाळी असते. डॉक्टरांनी मिळून एक सामाईक पाळणाघर काढावं. जागा एखाद्या शिक्षणसंस्थेने द्यावी, खर्च दवाखान्यांनी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणात वाटून घ्यावा, आणि मुलं सांभाळणाऱ्या बायांना प्रशिक्षण व पूर्ण पगार द्यावा. ते संध्याकाळी सहाला बंद होणारं नसावं. रात्रपाळीच्या आईचं मूल तिथे सुरक्षित झोपलं पाहिजे. पलीकडे नोकरीला जाणाऱ्या आईची सकाळची एसटी सुटण्याआधी त्याचं दार उघडलं पाहिजे. आणि मूल सोडायला-आणायला येणाऱ्यांच्या नोंदवहीत बापांच्या सह्याही आईइतक्याच असाव्यात, हे पहिल्याच महिन्यापासून पाहावं. आज या सभागृहात गावातले डॉक्टर आणि संस्थांचे पदाधिकारी बसलेले आहेत. व्याख्यान संपल्यावर चहाला थांबून या कामासाठी पाच जणांची समिती नेमावी, त्यात निदान दोन परिचारिका असाव्यात, आणि पहिली बैठक याच महिन्यात घ्यावी, एवढी विनंती आहे.